द्रवरूप निकोटिन : पानापासून बाटलीपर्यंत

निकोटिन हे तंबाखूच्या झाडातले अल्कलॉइड. ते मुळांत तयार होते, पाण्याबरोबर वर चढते आणि पानांत साठते. त्यामुळे पाने खाणारी कीड झाडापासून दूर राहते. १५६०च्या सुमारास फ्रान्सच्या दरबारी तंबाखू पोचवणारा राजदूत जाँ निको याच्यावरून हे नाव आले. १८२८ मध्ये जर्मनीतील हायडलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमान यांनी ते प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

निकोटिन काढायला उत्तम प्रतीचे पान लागत नाही. निपाणीच्या वखारींत तंबाखू चाळल्यावर उरणाऱ्या काड्या आणि धूळ यांतही ते असते. मात्र पानात ते मोकळे नसते. मॅलिक, सायट्रिक अशा आम्लांशी बांधलेल्या क्षारांच्या रूपात असते. म्हणून चुरा भिजवून त्यात चुना किंवा कॉस्टिक सोडा मिसळतात. अल्कामुळे आम्लाची पकड सुटते आणि मोकळे झालेले निकोटिन वाफेबरोबर किंवा रॉकेलसारख्या द्रावकात बाहेर येते.

पुढची युक्ती सोपी, पण फार कामाची आहे. मोकळे निकोटिन तेलकट द्रावकात विरघळते, त्याचा क्षार मात्र पाण्यातच राहतो. द्रावक सौम्य गंधकाम्लाने घुसळला की निकोटिन पाण्यात उतरते आणि पानातली मेणे व हरितद्रव्य द्रावकातच मागे राहतात. या पाण्यातले निकोटिन सल्फेट पूर्वी कीटकनाशक म्हणून विकले जाई. शुद्ध निकोटिन हवे असल्यास त्यात पुन्हा अल्क घालून ते मोकळे करतात आणि शेवटी निर्वातात त्याचे ऊर्ध्वपातन करतात. एरवी ते २४७ अंश सेल्सिअसला उकळते. हवेचा दाब कमी केला की बऱ्याच कमी तापमानाला उकळते आणि उष्णतेने बिघडत नाही.

ऊर्ध्वपातनातून नुकताच पडलेला थेंब पाण्यासारखा नितळ असतो, किंवा जेमतेम पिवळसर. बाटली उघडी राहिली, उजेडात ठेवली, की रंग चढू लागतो : आधी फिकट पिवळा, मग मधासारखा, शेवटी तपकिरी. हवेतला ऑक्सिजन निकोटिनचे हळूहळू ऑक्सिडीकरण करतो आणि प्रकाश व उष्णता त्याला वेग देतात. शुद्धीकरण अपुरे राहिल्यास पानातली रंगद्रव्ये सुरुवातीपासूनच रंग देतात. म्हणून निकोटिन गडद काचेच्या बाटलीत, वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरून, थंड जागी ठेवतात. आम्लाशी बांधलेला क्षार मोकळ्या निकोटिनपेक्षा अधिक टिकतो.

प्रॉपिलिन ग्लायकॉल किंवा ग्लिसरिनमध्ये पातळ केले की तोच रंग फिका दिसतो. उलट व्हॅनिलिनसारखे सुगंधी द्रव्य मिसळले तर मिश्रण गडद होते. त्यामुळे रंगावरून तीव्रता ठरवता येत नाही. गडद द्रव सौम्य असू शकतो, तर नितळ द्रव जवळजवळ शंभर टक्के निकोटिन असू शकतो. रंग सांगतो तो शुद्धीकरण आणि साठवण यांविषयी, तेही अंदाजाने. प्रमाण कळते ते प्रयोगशाळेतल्या मोजणीनेच. शुद्ध निकोटिन कातडीतूनही शरीरात शिरते आणि थोडक्या मात्रेतही जीव घेऊ शकते. म्हणून ते हाताळताना रंगावर न विसंबता बाटलीवरचे मोजलेले प्रमाण पाहायचे आणि हातमोजे घालायचे.