दुखऱ्या कंबरेने वाकावे की नाही?

कंबरेत उसण भरली की शेक, बाम आणि दोन-चार दिवस आराम हा आपल्याकडचा ठरलेला क्रम, आणि बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत उतरतेही. प्रश्न न उतरणाऱ्यांचा असतो. तीन महिने उलटूनही जे दुखणे जात नाही त्याला वैद्यकशास्त्र जुनाट म्हणते. त्या टप्प्यावर माणसापुढे उपायांची रांग उभी राहते: गोळ्या, इंजेक्शन, करंट, ट्रॅक्शन, कंबरेचा पट्टा, मालिश, हाडवैद्य, योगवर्ग, जिम आणि शेवटी ऑपरेशन. प्रत्येक उपायाचा गुण आलेला कुणीतरी ओळखीत असतोच, त्यामुळे निवड बहुधा सांगोवांगी होते, नाहीतर जवळच्या दवाखान्यात कोणते यंत्र आहे त्यावर. मला वाटते, याला एक बरी कसोटी आहे आणि गेल्या चाळीस वर्षांच्या संशोधनाने ती पारखून घेतलेली आहे. या उपचाराने रुग्णाला स्वतःच्या अंगाने आजच्यापेक्षा अधिक करता येऊ लागते का, आणि या उपचाराला शेवट आहे का, हे पाहायचे. दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर तो उपाय कितीही सुखाचा वाटला तरी त्याला पुनर्वसन म्हणता येणार नाही.

निवड चुकण्याची सुरुवात पुष्कळदा एमआरआयच्या अहवालापासून होते. ‘गादी सरकली आहे’, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबतेय’ ही वाक्ये एकदा कानावर पडली की माणूस आपल्या कंबरेला काचेसारखा जपू लागतो. पण ज्यांची कंबर कधी दुखतच नाही अशांचे मणके कसे दिसतात? १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अशा ९८ जणांची एमआरआय तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांची कुठली ना कुठली गादी फुगलेली होती. सगळ्या गाद्या ठाकठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची एकत्र मांडणी झाली, त्यात तीन हजारांहून अधिक न दुखणाऱ्या माणसांची नोंद होती. गादीची झीज विशीतल्या ३७ टक्क्यांत होती आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. म्हणजे अहवालातले पुष्कळसे शब्द वयाचे वर्णन करतात, पांढऱ्या केसांसारखे. याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर पडणे, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणे, रोज संध्याकाळी ताप येणे, वजन उतरणे, पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असणे, मोठा अपघात झालेला असणे, यांतले काहीही असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टर गाठावा. लघवीची तक्रार आणि बधिरपणा यांत तर तासांचा प्रश्न असतो. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजूनही सापडतो, तेव्हा तापाकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही. पण यांतले काहीच नसेल, तर केवळ चित्र पाहून उपचार ठरवणे म्हणजे माणूस सोडून फिल्मवर उपचार करणे होय.

आरामाचा सल्ला तर फार आधीच उघडा पडला. १९८६ साली अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितले. दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस बरेच कमी बुडाले, आणि बाकी प्रकृतीत फरक पडला नाही. १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग आणखी बोलका होता. नुकतीच कंबर धरलेल्यांचे तीन गट केले: एकाला अंथरूण, एकाला कंबरेचे व्यायाम, आणि एकाला झेपेल तेवढे नेहमीचे काम. सर्वांत लवकर सावरला तो नेहमीचे काम करणारा गट, आणि सर्वांत मागे राहिला तो पडून राहणारा. ताज्या दुखण्यात खास व्यायामही साध्या वावरापुढे मागे पडले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. व्यायामाची खरी गरज दुखणे लांबते तेव्हा लागते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शिका काढली. नेहमीच्या उपचारात वापरू नयेत अशा गोष्टींत तिने कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड, करंटचे टेन्स यंत्र आणि अफूवर्गीय वेदनाशामके घातली. रुग्णाला दुखणे नीट समजावून देणे, आखलेला व्यायाम, मानसोपचारातल्या काही पद्धती आणि हातांनी करायचे काही उपचार, मालिशसुद्धा, यांना तिने जागा दिली.

इथे पहिली हरकत येते, आणि ती अगदी रास्त आहे: ‘पण शेक घेतल्यावर बरे वाटते ना!’ वाटते, आणि ते खोटे नाही. उष्णतेने आखडलेले स्नायू सैलावतात, तासभर मोकळे वाटते. तो तास हालचाल करायला वापरला तर शेकाचे सोने झाले. घरातली गरम पाण्याची पिशवी त्याला पुरते. अडचण होते ती दहा सिटिंग्जचे पैसे भरून रोज येऊन टेबलावर पालथे पडायचे, यंत्र लावायचे आणि उठून घरी जायचे, असे चालते तेव्हा. दहा दिवसांनी दुखणे पुन्हा डोके वर काढते, आणि हाती काय राहते, तर पुढच्या दहा सिटिंग्ज. रुग्ण या सगळ्यात काही शिकलेला नसतो. शिकला असलाच तर एवढेच, की आपले बरे वाटणे दुसऱ्याच्या हातात आहे. फिजिओथेरपिस्टने हातांनी केलेले उपचार किंवा चांगले मालिशही मला या शेकाच्याच पंक्तीला बसवावेसे वाटते: हालचाल सुरू करून देणारे म्हणून उपयोगी, एकटे म्हणून अपुरे.

दुसरी हरकत अधिक दुखरी आहे. जखम भरून आलेली असूनही दुखते असे म्हटले की रुग्णाला वाटते, आपल्याला ढोंगी ठरवले जात आहे. उलट इथे शरीरशास्त्र रुग्णाच्या बाजूने उभे आहे. १९८३ साली क्लिफर्ड वुल्फ यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की इजेनंतर मज्जारज्जूमधल्या पेशीच अधिक संवेदनशील होतात आणि एरवी न दुखणारा स्पर्शही वेदना म्हणून वर पाठवू लागतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशीच ही मज्जासंस्था. वाकण्याच्या साध्या हालचालीलाही ती धोका समजू लागते. अपुरी झोप, कर्जाची किंवा नोकरीची चिंता, पुन्हा दुखेल ही धास्ती, यांनी ही संवेदनशीलता वाढते. त्या धास्तीने माणूस वाकणे सोडतो, न वाकल्याने स्नायू अशक्त होतात, आणि अशक्त कंबर थोड्याशा कामानेही दुखते. वेदना शंभर टक्के खरी असते. तिचा नेमका कारखाना फक्त गादीत नसतो. ऑस्ट्रेलियात ४९२ रुग्णांवर झालेला ‘रिस्टोर’ हा प्रयोग २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. फिजिओथेरपिस्टने रुग्णाची भीती ऐकून घ्यायची, त्याला नेमकी ज्या हालचालीची धास्ती वाटते तीच आपल्यासमोर सैल अंगाने करून घ्यायची, झोप आणि दिनक्रम यांवर बोलायचे, असा तो उपचार. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि नंतर एक उजळणीची. वर्षभरानंतरही नेहमीच्या उपचारांपेक्षा या रुग्णांची रोजच्या कामांतली अडचण स्पष्टपणे कमी होती.

मग व्यायाम कोणता? इथे पिलाटिसवाले, योगवाले, जिमवाले आणि मॅकेंझी पद्धतीवाले आपापला झेंडा घेऊन उभे असतात. कॉक्रेन या संस्थेने २०२१ मध्ये २४९ प्रयोगांचा आढावा घेतला. शंभरपैकी गुणांकन केले तर व्यायामाने वेदना, काहीच न करण्याच्या किंवा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, सरासरी पंधरा गुणांनी उतरते. रोजच्या कामातली सुधारणा त्याहून कमी भरते. हा आकडा चमत्काराचा नाही, आणि तो चमत्कार म्हणून विकणाऱ्यांपासून सावध राहावे. मात्र व्यायामाच्या प्रकारा-प्रकारांतला फरक त्याहूनही लहान आहे. अमेरिकेत २०११ साली योगवर्गाची तुलना साध्या स्नायू ताणण्याच्या वर्गाशी केली तेव्हा दोन्ही सारखेच ठरले. बोस्टनमध्ये कमी उत्पन्नाच्या ३२० लोकांवर २०१७ साली झालेल्या प्रयोगात बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी पडला नाही. ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांवर झालेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर औषध होते चालण्याचे. कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या मदतीने हळूहळू आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत आणले. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांचे दुखणे साधारण ११२ दिवसांत परतले, चालणाऱ्यांचे २०८ दिवसांत. तेव्हा गावात योगवर्ग चांगला असेल तर तो, नदीकाठचा रस्ता बरा असेल तर चालणे. जे सहा महिन्यांनीही चालू राहील ते निवडावे.

‘व्यायाम करून पाहिला, दुखणे वाढलेच,’ हे वाक्य प्रत्येक फिजिओथेरपिस्टला ऐकावे लागते, आणि बहुधा दोष मात्रेचा असतो. बरे वाटले त्या दिवशी आठवड्याचे कपडे एकदम धुवायचे, पंखे पुसायचे आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, हे चक्र फार घरांत चालते. त्यावरचा तोडगा असा, की कामाची मात्रा दुखण्यावर न सोडता आधीच ठरवायची. जिला खाली वाकून पाण्याचा हंडा उचलणे बंद झाले आहे तिचे उदाहरण घ्या. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचे वजन. सुरुवात रिकाम्या कळशीने करायची, तीही ओट्याच्या उंचीवरून, ठरावीक वेळा, श्वास न कोंडता. आठवड्याभराने तीच कळशी स्टुलावरून, मग जमिनीवरून. मग पाव भरलेली, मग अर्धी. करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते आदल्या पातळीवर आले तर मात्रा बरोबर आहे, न आले तर एक पायरी खाली यायचे, सोडून द्यायचे नाही. ज्या कामाची अडचण आहे त्या कामाचेच तुकडे पाडून केलेला असा सराव मला कंबरेच्या कुठल्याही सुट्या व्यायामापेक्षा मोलाचा वाटतो.

ऑपरेशनलाही हीच कसोटी लावता येते. पायात जाणाऱ्या तीव्र कळेच्या २८३ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी सुमारे चाळीस टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन लागलेच. ज्याला कळ सोसवत नाही त्याला ऑपरेशनने महिने वाचतात, हा खराखुरा फायदा आहे आणि तो घेण्यात काही कमीपणा नाही. ताज्या इजेतही पर्याय वाटतात त्यापेक्षा अधिक असतात. कबड्डीच्या मैदानावर गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटला की ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही असे मानले जाते. स्वीडनमधल्या १२१ तरुण, हालत्याचालत्या रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच ऑपरेशन आणि व्यायाम, निम्म्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन असे दिले. पाच वर्षांनी दोन्ही गटांचा गुडघा सारखाच होता, आणि दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलेच नव्हते. सांध्याचा भरवसा पुन्हा पुन्हा सुटत असेल, गुडघ्यातली मेनिस्कस ही कूर्चा अडकत असेल, तर गोष्ट वेगळी.

पुनर्वसनाचे माप काम हेच असावे, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय उभे केले. हाताला काम देत देत माणूस पुन्हा उभा करायचा, हेच या शास्त्राचे सूत्र. आज दवाखान्यात पहिल्या भेटीत ‘दुखणे दहापैकी किती?’ हे विचारले जाते, ‘काय करता येईनासे झाले आहे?’ हे फार कमी वेळा. रुग्णाने आपणहून ते सांगावे, आणि सोबत विचारावे, की मी घरी काय करायचे, किती आठवड्यांनी सुधारणा दिसायला हवी, आणि नाही दिसली तर काय बदलणार. ज्याच्याकडे या तिन्हींची उत्तरे आहेत त्याच्याकडे यंत्र नसले तरी जावे.

राहिली शेवटची हरकत, आणि तिला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. भातलावणीला दिवसभर ओणवे राहणारी मजूर बाई किंवा गोदामात पोती उचलणारा हमाल यांना मात्रा ठरवण्याची मुभा कुठे असते? त्यांच्यापुढे दोनच वाटा, सगळे काम किंवा शून्य काम. समाजाच्या पातळीवर काही करता येते, हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९९७ साली सुरू केलेल्या मोहिमेने दाखवले. कंबरदुखीत पडून राहू नका, कामावर राहा, असे टीव्हीवरून सांगितले गेले. लोकांच्या आणि डॉक्टरांच्याही समजुती बदलल्या, आणि कामगारांचे कंबरदुखीचे भरपाईचे दावे १५ टक्क्यांनी घटले. पण कामावर राहायचे तर ते काम काही आठवडे हलके मिळावे लागते. आपल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो, मात्र ज्या दिवशी काम केले त्या दिवसाचा मिळत नाही. अर्धा दिवस हलक्या कामावर येऊन उरलेल्या अर्ध्या दिवसाचा भत्ता घ्यावा, अशी सोय त्यात नाही. आणि शेतमजूर बाई तर या योजनेच्या दाराशीसुद्धा पोचलेली नाही.