विविधतेचा धडा आणि भिवंडीचा अनुभव

वाणिज्य शाखेत हिशेब शिकावयास गेलेल्या मुलाने समाजाची विविधता कशासाठी घोकावयाची, असा प्रश्न भिवंडीतील एखाद्या पालकाने केला, तर तो अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकणे आम्हांस उचित वाटत नाही. ज्या घरात शिक्षणाचा खर्च मागावरच्या मजुरीतून निघतो, त्या घरास प्रत्येक तासाचा जाब मागण्याचा अधिकार आहे.

मुंबई विद्यापीठाच्या फाउंडेशन कोर्सचा आरंभच भारतीय समाजाच्या बहुविध स्वरूपाने होत असे. धर्म, जात, भाषा, ग्रामीण, नागरी, आदिवासी असे सारे भेद त्यात क्रमवार मांडलेले असत. राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना आली आणि मूल्यशिक्षण व भारतीय ज्ञानप्रणाली यांना श्रेयांक लाभले. नावे पालटली, पण व्याख्या लिहा, फरक स्पष्ट करा, टिपा द्या, हीच जर परीक्षेची रीत राहणार असेल, तर आदल्या रात्री गाइड चाळणाऱ्या विद्यार्थ्यास दोष कसा द्यावयाचा?

भिवंडीत तर हा प्रकार अधिकच विसंगत ठरतो. मोमीन विणकर, पद्मशाली समाजाचे तेलुगू भाषक, उत्तर प्रदेशातून आलेले मागकामगार, भोवतालच्या खेड्यांतील आगरी, वारली व कातकरी, अशी ही वस्ती. येथे एक मुलगा उर्दू शाळेतून येतो, दुसरा मराठी शाळेतून. एकाच गावात वाढूनही दोघे एका बाकावर प्रथम बसतात ते पुष्कळदा महाविद्यालयातच. तेथेही दोघांनी विविधतेची व्याख्या पाठ करावी आणि एकमेकांशी चार वाक्ये न बोलता पदवी घेऊन बाहेर पडावे, यास शिक्षण म्हणावयाचे काय?

हा विषयच निरुपयोगी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी पेटलेली दंगल आणि १९८४ सालची दंगल या गावाने भोगली आहे. माग थांबले म्हणजे चूल थांबते, हा धडा येथे कोणास पुस्तकातून घ्यावा लागला नाही. पुढे १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांतील सामान्य माणसे पोलिसांसह एकत्र बसू लागली आणि किरकोळ तक्रारी वेळीच मिटू लागल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असता भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांना ना पाठ्यपुस्तक होते, ना श्रेयांक. होता तो नित्याचा सहवास.

हाच सहवास महाविद्यालयांनी अभ्यासक्रमात आणावा, अशी आमची सूचना आहे. निम्मे गुण लेखी उत्तरांऐवजी प्रत्यक्ष कामास द्यावेत. मराठी शाळेतून आलेल्याने उर्दू लिपी वाचावयास शिकावे, उर्दू शाळेतून आलेल्याने मराठीत अर्ज लिहावयास शिकावे आणि दोघांनी एकमेकांचे गुरू व्हावे. समित्यांत काम केलेल्या वृद्धांच्या आठवणी दोघांनी मिळून टिपून घ्याव्यात. उद्या हेच तरुण येथील गोदामांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत परप्रांतीय चालकाशी आणि स्थानिक हमालाशी व्यवहार करणार आहेत. तेव्हा ही विद्या हिशेबाइतकीच उपयोगी पडेल. शिकवणारा अध्यापकही केवळ तासिका भरून काढण्यासाठी नेमलेला नसावा. त्याला हे गाव ठाऊक असावे.

एवढे करण्याची तयारी नसेल, तर ते तास हिशेबालाच दिलेले बरे. निदान पालकाची फसवणूक तरी होणार नाही.