पाण्याने शिकविलेले अर्थशास्त्र

राष्ट्रीय उत्पन्नाचा चक्राकार प्रवाह शिकवावयाचा म्हणजे फळ्यावर दोन चौकोन आणि चार बाण काढावयाचे, अशी आपल्या महाविद्यालयांतून रीत पडून गेली आहे. बाण हलत नाहीत. बचत वाढली म्हणजे उत्पन्न किती काळाने आणि कसे घटत जाते, हे त्या आकृतीत दिसण्याचा संभवच नाही. विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवून मोकळा होतो.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्राची पदवी घेणाऱ्या बिल फिलिप्स यांच्यापुढे हीच अडचण होती. ते न्यूझीलंडचे, पेशाने विद्युत अभियंते; युद्धकाळात जावामध्ये जपान्यांच्या कैदेत असताना त्यांनी चोरून रेडिओ जुळविला होता. केन्सचे अर्थशास्त्र केवळ शब्दांतून उमगेना, तेव्हा १९४९ साली क्रॉयडनमधील एका गॅरेजात त्यांनी पारदर्शक टाक्या, नळ्या आणि बॉम्बफेकी विमानांच्या भंगारातील सुटे भाग जमवून अर्थव्यवस्थेची सुमारे २ मीटर उंचीची प्रतिकृतीच उभी केली.

तिची रचना पाहण्यासारखी आहे. तळच्या टाकीतील रंगीत पाणी पंपाने माथ्यावर चढते. तेच राष्ट्रीय उत्पन्न. उतरताना त्याला कर, बचत आणि आयात यांच्या वाटा फुटतात आणि सरकारी खर्च, गुंतवणूक व निर्यात यांच्या रूपाने पाणी पुन्हा मुख्य प्रवाहास मिळते. टाक्यांतील तरंगी दोऱ्यांनी झडपांशी जोडलेल्या असतात. कोणत्या पातळीला झडप किती उघडावी, हे पारदर्शक पट्टीत कापलेली खाच ठरविते. पाठ्यपुस्तकातील उपभोग फलन ते हेच. पट्टी बदलली की समाजाची खर्चाची सवय बदलते! उत्पन्नाचे चढउतार लेखणी आपोआप कागदावर रेखीत राहते.

व्याजदर बचत-गुंतवणुकीच्या प्रवाहाने ठरतो की लोकांनी हाती राखलेल्या रोकडीच्या साठ्याने, या वादात त्या काळी पंडितांनी पुष्कळ शाई खर्ची घातली होती. येथे साठा म्हणजे टाकीतील पातळी आणि प्रवाह म्हणजे नळीतील धार. दोन्ही एकमेकांना कशी बांधलेली आहेत, हे उभ्या उभ्या दिसे. प्राध्यापक जेम्स मीड एका विद्यार्थ्याला अर्थमंत्री करीत, दुसऱ्याला मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर. दोघांनी परस्परांशी सल्लामसलत न करता उत्पन्न ठरलेल्या पातळीवर आणावयाचे. पाणी हेलकावे खाऊ लागे.

एकूण उत्पन्न किती, एवढेच ही प्रतिकृती सांगते. कोणाच्या वाट्याला किती आले, याविषयी ती मौन पाळते. शेतमजुराची ओंजळ आणि गिरणीमालकाची टाकी एकाच नळीत मिसळून जातात. भारतातील शिक्षकाला ही उणीव लहान वाटू नये. मात्र उणिवेवर बोट ठेवावयालाही समोर काही तरी उभे असावे लागते.

अशी चौदाएक यंत्रे बनली. पुढे संगणक आले. तरी केंब्रिजमधील यंत्र दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले.

तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत, अ‍ॅक्रिलिकच्या टाक्या आणि कूलरचा पंप वापरून, असे साधे यंत्र आपल्याकडेही करता येईल. खाचा कशा कापावयाच्या हे शिक्षकाने ठरवावे, त्या कारागिराने कापाव्यात. अडते ते खरेदीपाशी. तीन दरपत्रके मागवावीत व सर्वांत कमी दर स्वीकारावा, हा नियम बाकांच्या बाबतीत ठीकच आहे. जी वस्तू अद्याप जन्मालाच आलेली नाही आणि जिचा नगही एकच हवा, तिची तीन दरपत्रके आणावयाची कोठून? म्हणून छापील तक्ते विकत घेतले जातात आणि डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढून कपाटात जातात. वॉल्टर न्यूलिन या सहकाऱ्याच्या शब्दावर लीड्स विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने फिलिप्स यांना १०० पौंड दिले, तेव्हा यंत्र केवळ कल्पनेतच होते.