सोवळं आणि पावित्र्य

बिदरकडे घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्यांकडे एकाच गोष्टीला दोन शब्द असतात: सोवळं आणि ‘मडी’. अंघोळ करून, धुतलेलं नेसून, कुणाला न शिवता देवाचं करायचं. आम्ही ख्रिस्ती लोक म्हणतो, आमच्यात ते नाही. खरंच नाही का, हे बघायचं तर उपवासकाळात चर्चबाहेर पाच मिनिटं उभं राहावं. शुक्रवारी मटण कुणी खाल्लं, मिस्साला उशिरा कोण आलं, कुणाची मुलगी रोझरीला दिसत नाही, सगळा हिशेब तिथे मिळतो.

ख्रिस्ती अर्थाने पवित्र होणं म्हणजे प्रेमात वाढणं. संत पौल करिंथकरांना लिहितो की सगळी मालमत्ता गरिबांना वाटली, पण प्रेम नसेल, तर काही उपयोग नाही. अडचण पुढे आहे. प्रेम करणाऱ्यालाही ‘मी किती प्रेमळ’ असं वाटायला लागतं. लूकच्या १८व्या अध्यायातला परुशी काही चोर-लबाड नाही. आठवड्यातून दोन उपास करतो, दशमांश देतो. त्याची प्रार्थनासुद्धा आभाराचीच आहे! फक्त ती करताना त्याची नजर दूर उभ्या असलेल्या जकातदारावर आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या ‘गाउदेते एत एक्सुल्ताते’ या पत्रात पावित्र्याचे दोन छुपे शत्रू सांगितले आहेत. एक, धर्माचं सगळं ज्ञान मला झालंय असं वाटणं. दुसरा, स्वतःच्या जोरावर चांगलं होता येतं असं मानणं. दोन्हींवर उतारा एकच, कृपा. हा शब्द प्रवचनात इतका ऐकलाय की तो गुळगुळीत झालाय. मला तो दामाजीपंतांच्या कथेतून नीट कळतो.

पंत मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बिदरच्या बादशहाने त्यांना धरून आणायला माणसं पाठवली. पंत वाटेत असतानाच विठू महार नावाचा कुणी दरबारात आला, धान्याची किंमत चुकती केली आणि पावती घेऊन गेला. तो विठ्ठल होता, असं कथा सांगते. इतिहास किती नि आख्यायिका किती, हा वाद राहू द्या. पंत बिदरला पोचले तेव्हा हिशेब मिटलेला होता. ज्याचं देणं दुसऱ्यानेच भरलं, तो ‘मी कोठार उघडलं’ म्हणून मिरवणार कसा? आणि भरणारा आला तोही अशा माणसाच्या रूपात, ज्याची सावलीसुद्धा सोवळ्याला चालत नसे.

क्रुसाबद्दल ख्रिस्तसभा जे सांगते ते याच्या जवळचं आहे. फरक क्रमाचा. पंतांनी आधी कोठार उघडलं, मग देणं फिटलं. आमच्याकडे देणं आधी फिटलंय, कोठार नंतर उघडायचंय.

फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेझा १८९७ साली, अवघ्या २४व्या वर्षी वारली. तिच्या मठातली एक सिस्टर तिला अजिबात आवडायची नाही. तेरेझा तिला बघून हसायची, तिची कामं करायची. शेवटी त्या सिस्टरनेच विचारलं, माझ्यात तुला एवढं काय आवडतं? तिला पत्ताच नव्हता! मला वाटतं, परुशी असता तर त्याने तिला सांगितलं असतं.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना मात्र मी आधी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला सांगेन. (टिळक प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण इथे काय फरक पडतो?) रेव्हरंड टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला, तरी लक्ष्मीबाई पुढे काही वर्षं सोवळं धरून होत्या. मग, जाती माणसांनीच केल्यात, असं पटल्यावर त्यांनी ते सोडलं आणि १९००मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण पुस्तकात कुठे ‘मी सुधारले, तुम्ही मागेच राहिलात’ असा सूर नाही. आपल्याच जुन्या सोवळ्याची त्या अशी गंमत सांगतात, की वाचताना हसू आवरत नाही.