पहाडी शिकारींतील दुर्बीण आणि अंतरमापक

अलास्काच्या पर्वतांत ऑगस्ट महिन्यांत डॉल जातीच्या रानमेंढ्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. हा मेंढा पांढराशुभ्र असून उघड्या, खडकाळ उतारांवर त्याचें वास्तव्य असतें. दूरच्या कड्यावरील पांढरा ठिपका मेंढ्याचा, दगडाचा कीं उरल्यासुरल्या बर्फाचा, हा शिकाऱ्यापुढील पहिला प्रश्न. मेंढाच असला तर तो मारण्यास योग्य आहे काय, हा दुसरा. याचें उत्तर तेथील कायद्यानें बांधून दिलें आहे. बहुतेक भागांत असाच नर मारतां येतो, कीं ज्याच्या निदान एका शिंगानें बाजूनें पाहिलें असतां वर्तुळाचा पूर्ण फेरा घेतला आहे, किंवा ज्याचीं दोन्ही शिंगें मोडलेलीं आहेत, किंवा ज्याचें वय निदान आठ वर्षें भरलें आहे. वय मोजावयाचें तें शिंगांवरील वार्षिक वळ्यांवरून. पाऊण किलोमीटरावरून हीं वळीं वाचणें हें काम बंदुकीचें नव्हे, भिंगाचें आहे. आणि तें चुकलें तर कळपांतील कोंवळा नर हकनाक मरतो.

असें असतां नवशिका शिकारी बंदुकीसंबंधानें महिनोन्‌महिने खल करतो, आणि दुर्बीण मात्र दुकानांत उभ्या उभ्या खरेदी करतो. दुर्बिणीवर १०×४२ असे आंकडे कोरलेले असतात. वस्तु किती पट मोठी दिसेल हें पहिला आंकडा सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा मिलिमीटरांतील व्यास होय. गिऱ्हाइकाचें लक्ष पहिल्याच आंकड्यावर खिळतें. परंतु दुर्बीण वस्तूबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीनें वाढविते. चढण चढून दम लागलेला, गार वाऱ्यांत उभा असलेला मनुष्य पंधरापट दुर्बीण हातांत धरील तर त्याला मेंढ्याऐवजीं डोंगरच नाचतांना दिसेल. तीच दुर्बीण तिपाईवर बसविली तर शिंगांची पारख करण्यास तिच्यासारखें साधन नाहीं. मात्र तिचें व तिपाईचें ओझें पाठीवर वाहावें लागतें. हातीं धरावयाची असल्यास आठ किंवा दहा पट हीच मर्यादा शहाणपणाची.

दुसऱ्या आंकड्यास पहिल्यानें भागिलें असतां जें येतें, त्याचें महत्त्व फारच थोड्यांस ठाऊक असतें. १०×४२ दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे केली तर तिच्या नेत्रभिंगांत ४.२ मिलिमीटर व्यासाचें तेजस्वी वर्तुळ दिसेल. १०×२५ या खिशांतल्या दुर्बिणींत तें अवघें अडीच मिलिमीटर भरतें. भर दिवसा डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणून दुपारीं दुकानांत दोन्ही सारख्याच उजळ वाटतात. झुंजूमुंजू होतांना व दिवस मावळतांना, म्हणजे जनावर चरावयास बाहेर पडतें तेव्हांच, बाहुली मोठी होते आणि लहान दुर्बीण आंधळी ठरते.

याखेरीज भिंगांवरील लेपाचा विचार करावा लागतो. लेप नसलेल्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारें चार टक्के प्रकाश परावर्तित होऊन वायां जातो; असे दहा पृष्ठभाग ओलांडतां ओलांडतां तिसरा हिस्सा नाहींसा होतो. १९३५ सालीं जर्मनींतील त्साइस कारखान्यांत स्माकुला या शास्त्रज्ञानें यावर पातळ लेपाचा उपाय शोधला. महाग दुर्बिणीची किंमत बरीचशी या न दिसणाऱ्या कामाची असते. नुसती निळी-जांभळी झांक पाहून मात्र फसूं नये. संध्याकाळीं दुकानाच्या दारांत उभें राहून समोरील कौलांच्या कडा पाहाव्या. चष्मा असणारांनीं चष्म्यासकटच पाहावें.

भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशा हौशी शिकारीस स्थान उरलेलें नाहीं. परंतु लडाख व स्पितीच्या उतारांवर भरल आणि आयबेक्स यांची गणना करणाऱ्या अभ्यासकांनाही दुर्बिणीची हीच पारख उपयोगी पडते.

आतां अंतराकडे वळूं. स्वच्छ विरळ हवेंत, झाडझाडोरा नसलेल्या दरीपलीकडील वस्तु आहे त्याहून जवळ भासते. दोनशें मीटरांवर नेम जुळविलेल्या नेहमींच्या रायफलीची गोळी चारशें मीटरांवर अर्धा मीटर किंवा अधिकच खालीं येते. म्हणजे अंदाज चुकला कीं जनावर पाय मोडून कड्याआड जातें आणि तेथें कुजत मरतें. १९६० सालीं लेसर किरण अवतरले व पुढें त्यांवर चालणारे खिशांतले अंतरमापक निघाले. यंत्रांतून निघालेली अदृश्य प्रकाशाची ठिणगी जनावरावर आपटून परत येते. तीनशें मीटरांची जा-ये ती सेकंदाच्या अवघ्या वीस लाखांशांच्या चार भागांत उरकते, आणि तेवढा वेळ मोजून यंत्र अंतर दाखवितें. जाहिरातींतील पल्ला बहुधा चकचकीत लक्ष्याचा असतो. लोकरीवरून किरण त्यामानानें फारच थोडा परततो. धुकें, पाऊस, हिमवर्षाव यांत तर यंत्र पुष्कळदां मुकेंच होतें. किरण पुढच्या गवताच्या काडीवर अडला किंवा मेंढ्याच्या बाजूनें मागच्या खडकावर गेला तरी आंकडा तितक्याच ठामपणें उमटतो. म्हणून दोन-तीनदां मोजावें, आणि जनावराशेजारचा मोठा धोंडाही मोजून पाहावा.

पहाडांत उताराची आणखी एक मेख आहे. तीस अंशांच्या उतारावर चारशें मीटर अंतर भरलें तर आडवें अंतर ३४६ मीटरच असतें, आणि नेम धरण्यास जवळजवळ तेंच हिशेबीं धरावें लागतें. चारशेंचा नेम धरला तर गोळी पाठीवरून जाते. मग चढ असो वा उतार. कोन मोजून हा हिशेब आपोआप करणारा अंतरमापकच पहाडासाठीं घ्यावा. दुर्बीण आणि अंतरमापक एकत्र असलेलीं यंत्रेंही मिळतात. तीं सोयीचीं खरीं, पण एक भाग बिघडला कीं दोन्ही दुरुस्तीस पाठवावीं लागतात. दरींतील वारा मात्र यांतील कोणतेंच साधें यंत्र मोजीत नाहीं. म्हणून काचेंत पांचशें वीस मीटर हा आंकडा दिसतांच जाणता शिकारी बंदुकीस हात न लावतां ओहोळाच्या आडोशानें आणखी दीडदोनशें मीटर पुढें सरकण्याची वाट शोधूं लागतो.