‘यामे’ म्हटलं की थांबायचं

‘पोरगं एका जागी ठरत नाही? कराटेला घाला, दमून गप झोपेल.’ देहू, तळवडे, चाकणकडे पाळ्या करणाऱ्या आईबापांना हा सल्ला कुणी ना कुणी देतंच. सल्ला वाईट नाही, पण त्यामागचं कारण चुकीचं आहे. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलेलं मूल दमल्यावर शांत होईलच असं नाही, कित्येकदा ते जास्तच बिथरतं. त्याच्या अंगात शक्ती जास्त असते असं नाही, त्याचा ब्रेक उशिरा लागतो.

कराटेत शिकण्यासारखं आहे ते हेच, थांबणं. शोतोकान शैलीतला पहिला काता घ्या, हेयान शोदान. त्यात एकवीस हालचाली, क्रम ठरलेला. जोरात ओरडायचं, म्हणजे ‘किआई’ द्यायची, ती फक्त नवव्या आणि सतराव्या हालचालीला. ज्या पोराला पहिल्या पावलालाच ओरडायचं असतं, त्याला आठ हालचाली आवाज पोटात धरून ठेवाव्या लागतात. आणि ‘यामे’ ऐकू आलं की हात असेल तिथे थांबवायचा. गुद्द्यापेक्षा हे कितीतरी अवघड!

अमेरिकेत लेक्स आणि हॉइट या संशोधकांनी शाळकरी मुलांना तीन महिने तायक्वांदो शिकवून पाहिलं; तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं स्वतःला विचारायची : मी कुठे आहे? काय करतोय? काय करायला हवं? नेहमीच्या पीटीच्या तासाला जाणाऱ्या मुलांपेक्षा या मुलांचा स्वतःवरचा ताबा जास्त सुधारला. ही सर्वसाधारण मुलं होती, एडीएचडीची नव्हेत, हे विसरायला नको. त्याआधी, १९८६ मध्ये, ट्रल्सन यांच्या छोट्या अभ्यासात तर नमस्कार, ध्यान, शिस्त वगळून नुसती मारामारी शिकलेली मुलं अधिक आक्रमक झालेली दिसली.

देहूत टाळाच्या ठेक्यावर पावली खेळणारी मुलं पाहिलेल्यांना अशा शिस्तीने ताबा येतो याचं नवल वाटू नये. तिथेही पाऊल आपल्या मर्जीने पडत नाही.

क्लास म्हणजे उपचार नव्हे. निदान डॉक्टरांनीच करायचं, आणि त्यांनी दिलेलं औषध पिवळा पट्टा मिळाला म्हणून बंद करायचं नाही. पट्ट्यांच्या परीक्षा, पदकं यांची घाई नको. मुलाला पहिल्या रांगेत उभं करा, एका वेळी एकच सूचना द्या, असं सरांना मोकळेपणाने सांगा.

फी भरण्याआधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून बघा. रांग मोडणाऱ्या पोराला सर सगळ्यांसमोर पन्नास बैठका काढायला लावत असतील, तर दुसरा क्लास शोधा.