साडेचारला उठणारा नातू

‘पोर पहाटे उठतं? मग चांगलीच सवय की!’ असं आमच्या गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणायच्या. कौतुक करणारीला पहाटे उठायचं नसतं ना! आमच्याकडे उठायची ती सून. नातू पावणेदोन वर्षांचा, साडेचारला टक्क जागा. सून खेड्यातल्या शाळेवर शिक्षिका, तिची आठची एसटी. दोन महिन्यांत पोरीचे डोळे खोल गेले. एकदा तर एसटीत झोप लागून ती दोन थांबे पुढे गेली. तेव्हा मी म्हटलं, ‘अगं, हे असं नाही चालायचं. बघू या आपण दोघी.’

आधी आठ दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या झोपेच्या वेळा लिहिल्या. रात्री साडेदहाला झोप, साडेचारला जाग, संध्याकाळच्या तोंडावर दीड तास. बेरीज साडेसात तास! जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय की, एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसकट ११ ते १४ तास झोप हवी. म्हणजे पोर लवकर उठत होतं असं नव्हे, त्याची झोपच पुरी होत नव्हती. दिवसभराची किरकिर कुठून येते तेही कळलं.

उशिरा झोपवलं की उशिरा उठेल, हा हिशेब मोठ्यांचा. फार दमलेलं मूल उलट चुळबुळत झोपतं. त्यातून पहाटेची झोप मुळातच हलकी, खुट्ट झालं की जाग. आणि आमच्याकडे नुसतं खुट्ट कुठलं, नळाला पाणीच साडेचारला! मोटर, घागरी, पिंपं आणि स्वयंपाकघरातला उजेड थेट पोराच्या तोंडावर. उजेड दिसला की शरीराला वाटतं, दिवस उगवला.

पाण्याची वेळ काही आपल्या हातात नाही. म्हणून बिछाना मागच्या खोलीत हलवला. खिडकीला जुनी गडद सोलापुरी चादर लावली, झीरोचा दिवा बंद केला. पिंपं रात्रीच जागेवर मांडून पाइप आत सोडून ठेवायला लागलो. दिवसाची झोप साडेचारची साडेबारावर आणली, कारण सहाला उठलेलं मूल नऊला कसं झोपणार? मग रात्रीची झोप दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे घेत साडेआठवर आणली. हे सगळ्यात अवघड गेलं. आठनंतर टीव्ही बंद! माझी एक मालिका सुटली. सुटू दे, तिच्यात तरी काय होतं!

पहाटे जागा झालाच तर दिवा नाही, खेळणी नाहीत, मोबाइल तर नाहीच. फक्त थोपटायचं आणि हळूच ‘अजून रात्र आहे’ म्हणायचं. उठलं की दूध मिळतं हे त्याच्या पोटाला पाठ झालेलं, म्हणून दुधाची वेळ थोडी थोडी पुढे ढकलत सहावर नेली. पहिले चार दिवस रडारड झाली. लेकाला सांगितलं, ‘एक दिवस ती उठेल, एक दिवस तू.’ तोही उठला हो, कुरकुरत का होईना.

तीन-साडेतीन आठवड्यांनी नातू साडेआठ ते सहा झोपायला लागला. दुपारचे दोन तास धरून साडेअकरा झाले. सहाच्या पुढे न्यायच्या फंदात आम्ही पडलो नाही. या वयाला सहा म्हणजे काही अवेळ नव्हे.

मधे एका शेजारणीनं सर्दीचं औषध द्यायला सुचवलं होतं, ‘त्यानं गुंगी येते’ म्हणून. मैत्रिणींनो, झोपेसाठी असलं काही देऊ नका आणि अफूची गुटी तर मुळीच नको, जिवावर बेतू शकतं. मूल रोज घोरत असेल, तोंडानं श्वास घेत असेल, सारखा कान ओढत असेल तर सरळ डॉक्टरांना दाखवा. रात्री शीच्या जागी खाजवत असेल तर जंतांची शंका घ्या. जंतांची गोळी अंगणवाडीत ठरलेल्या दिवशी मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धीच गोळी, तीही चुरून पाण्यातून. अख्खी तोंडात टाकायची नाही, घशात अडकते.